गुरुवारचा दवाखाना

त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, मेणबत्त्या लागल्या, सिंधूताईनं भाचीच्या कानात तीनदा 'करुणा' म्हटलं, आणि प्रेमिला सकाळपासून जिला भिऊन होती ती घडी आलीच.

"आता मोठ्या बहिणीच्या मांडीवर द्या बाळाले," शेजारची म्हातारी म्हणाली. "कुठे हाये जया?"

जया आतल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. तेरा वर्षांची, आठवीतली. अंगात आत्यानं आणलेला नवा फ्रॉक, आणि दोन्ही हात पाठीमागे. ब्याऐंशी सालचा जानेवारी होता, नागपुरात त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती, आणि त्या थंडीत पोरीचे हात मनगटापासून बोटांपर्यंत फुटून लाल झाले होते. ते दिसू नयेत म्हणून प्रेमिलानं सकाळी त्यांना खोबरेल तेल लावून दिलं होतं. पाच मिनिटांत जयानं ते धुऊन टाकलं.

"राहू द्या जी," प्रेमिला म्हणाली. "तिले सर्दी झाली."

"सर्दीनं काय होते? एकच घडी घे वं बाई. शकुन असते तो."

म्हातारीनं बाळ उचललं आणि प्रेमिला उठायच्या आत जयाला खाली बसवून तिच्या मांडीवर ठेवलं. जयाचे हात हवेत राहिले. बाळाला लागू नयेत म्हणून तिनं ते डोक्याच्याही वर धरले. "घ्या," ती म्हणाली. "आई, घे हिले. लवकर घे." आणि मग तिनं अशी किंकाळी फोडली की बाहेर ओट्यावर पानं मांडणारे लोक आत डोकावले. ती ताडकन उठली. करुणा मांडीवरून घसरली. आजोबा देवाजी शेजारीच बसले होते म्हणून निभावलं. सत्तरीतल्या म्हाताऱ्यानं गुडघ्यांवर पुढे झेप घेऊन नातीला दोन्ही हातांत झेललं.

जया तोवर मागच्या अंगणात नळाखाली बसली होती. कपड्याचा साबण घेऊन ती कोपरापर्यंत हात घासत होती आणि तोंडानं आकडे मोजत होती. प्रेमिला मागून गेली. तिनं नळ बंद केला नाही, पोरीला रागावली नाही. गेल्या वर्षभरात तिनं दोन्ही करून पाहिलं होतं. ती नुसती शेजारी दगडावर बसली.

"पडली का वं ती?" जयानं विचारलं.

"नाही. आबाजीनं धरलं."

"माझा हात लागला का तिले?"

"नाही लागला."

"खरं सांग. लागला का?"

"नाही वं माय, नाही लागला."

प्रेमिलाला माहीत होतं की हा प्रश्न आता दिवस मावळेपर्यंत पन्नास वेळा येणार आहे.

*

पाहुणे पुऱ्या आणि बुंदी खाऊन, जरा दबक्या आवाजात निरोप घेऊन गेले. दुपारी अंगणात घरचीच माणसं उरली. देवाजी खाटेवर. थोरला बळीराम खुर्चीवर, कारण तो मास्तर होता आणि खाली बसला की त्याच्या पँटची इस्त्री मोडत असे. धाकटा केशव, जयाचा बाप, करुणाला खांद्यावर घेऊन उभा. तो रेल्वेत फिटर होता, आणि घरातल्या भांडणात आपल्याला कोणी मत विचारू नये असं त्याला मनापासून वाटायचं. सिंधूताई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. सरकारी दवाखान्यात पोरांच्या वॉर्डात आया म्हणून तिला बावीस वर्षं झाली होती.

"ती म्हातारी सांगून राहिली होती," केशव चाचरत म्हणाला, "रामटेककडे कोणी जाणता हाये म्हणून. दोरा बांधून देते."

"केशव," देवाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "छप्पन साली मी तुले खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं. तू सहा वर्षांचा होता. मी काय शपथ घेतली ते तू माझ्या डोक्यावरून ऐकलं. त्या दिवसापासून या घरात दोरा आला नाही, अन् येणार बी नाही."

केशवनं मान खाली घातली. करुणाच्या पाठीवर तो उगाचच थोपटत राहिला.

"मी एक सांगू का बाबा?" सिंधूताई म्हणाली. "आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी पोरांच्या मनाची ओपीडी असते. सरकारनं सुरू केली, तीन वर्षं झाली. कोणी झोपेत चालते, कोणी बोलत नाही, कोणी शाळेत जात नाही, तशी पोरं येतात. एक डॉक्टरीणबाई हाये. लई चांगली. आपण जयाले नेऊन पाहू."

"पागलखान्याची डॉक्टर," बळीराम म्हणाला.

"पागलखाना वेगळा गा दादा. हा दवाखाना हाये."

"तुले वेगळा. लोकांले एकच." बळीराम खुर्चीत पुढे सरकला. "यशोधराचं कामठीले जमून राहिलं. रामाजीचं घर हाये ते, चार लूम हायेत त्यांचे, पोरगा शिकलेला. बुद्धपौर्णिमेनंतर सोयरीक ठरते. आज जे झालं ते उद्या सकाळपर्यंत कामठीले पोचते. त्यात केसपेपरावर लिहिलेलं सापडलं, की या घरातली पोरगी मनाच्या डॉक्टरकडे जाते, तर? माझ्या पोरीचं काय करू मी?"

"अन् माझ्या?" प्रेमिला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत ती सासऱ्यासमोर दिराला उलटून बोलली नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, पण ती थांबली नाही.

"माझ्या पोरीचं काय करू, भाऊजी? पहाटे उठून ती धुते. शाळेतून येऊन धुते. आपण वाढलं तर जेवत नाही, स्वतः वाढून घ्यायले भिते, अन् मग उपाशी राहते. अनंत गेल्यापासून तिनं या घरात कोणत्याच लेकराले हात लावला नाही."

अनंतचं नाव निघालं आणि केशवचा करुणाच्या पाठीवरचा हात थांबला. जयाच्या पाठचा भाऊ. चौदा महिन्यांपूर्वी वस्तीत हगवणीची साथ आली तेव्हा तीन दिवसांत गेला. दीड वर्षाचा होता. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे.

बळीराम उठून नळाशी गेला. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, प्यायला नाही, तसंच सोडून दिलं.

प्रेमिला आत गेली आणि पेटीच्या तळातून एक पाकीट घेऊन आली. "हे शाळेतून आलं होतं. दिवाळीच्या आधी. मी भीतीनं लपवून ठेवलं. मले चांगलं वाचता येत नाही, पण जयानं वाचून दाखवलं."

"बळीराम, वाच," देवाजी म्हणाले.

बळीरामनं चष्मा लावला. वर्गात वाचतात तसा तो स्वच्छ आवाजात वाचू लागला. मुख्याध्यापिकांनी लिहिलं होतं की जया वर्गातील हुशार मुलगी आहे, गणितात पहिली येते. परंतु अलीकडे ती तासन्‌तास नळावर असते, वह्यांना हात लावत नाही, सहामाहीचे दोन पेपर तिने कोरे दिले. सरकारी रुग्णालयात गुरुवारी बालकांच्या मानसिक आजारांची तपासणी होते, तेथे तिला न्यावे, चिठ्ठी सोबत जोडली आहे. "यात पालकांनी लाजण्यासारखे..." बळीराम वाचता वाचता अडखळला.

"पुढे?"

"लाजण्यासारखे काहीही नाही. हा आजार आहे, आणि बरा होणारा आहे."

देवाजी बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. त्यांच्या मनात वेगळंच काही होतं, आणि ते त्यांनी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. लहानपणी गावात पाटलाच्या विहिरीवर त्यांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागे. हात मध्ये आला तर शिव्या बसत. सगळं आयुष्य त्यांनी घरातल्या लेकरांना शिकवलं होतं की आपले हात कोणाला बाटवत नाहीत. आणि आता त्यांचीच नात आपले हात बाटलेले आहेत असं समजून रक्त निघेपर्यंत घासत होती. शाळेत कोणी काही बोललं असेल, या विचारानं ते महिनाभर आतून जळत होते.

"गुरुवारी मी जातो," ते म्हणाले. "सिंधू, किती वाजता यायचं ते सांग."

*

पहिले दोन गुरुवार जया काहीच बोलली नाही.

खोली लहान होती. एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे आणि हात तुटलेली बाहुली, टेबलावर रंगीत खडू. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस अर्धे पिकलेले, आणि त्यांच्या बोटाला शाई लागलेली. जया दोन्ही वेळा त्या शाईकडेच बघत बसली. त्या ती धूत का नाहीत हेच तिला कळत नव्हतं. बाईंनी दोन्ही वेळा तिच्यापुढे कागद सरकवला, दोन्ही वेळा तिनं खडूला हात लावला नाही, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "बरं. पुढच्या गुरुवारी ये."

तिसऱ्या खेपेला देवाजींना राहवलं नाही. ते दारातूनच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मी एक विचारू का हिले? जया, शाळेत तुले कोणी काही म्हणलं का? आपल्या जातीवरून? पाण्याच्या टाकीवर? सांग मले. मी काठी टेकत जाईन, पण जाईन."

जयानं आबाजींकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"नाही आबाजी," ती घाईनं म्हणाली. "तसं नाही. कोणीच काही नाही म्हणलं."

"मग काहून धुते वं तू?"

पुन्हा तोच प्रश्न. आई विचारत होती, बाबा विचारत होते, शाळेतल्या बाई विचारत होत्या. जयानं मान खाली घातली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी देवाजींना हातानंच थांबवलं, बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"मी का विचारत नाही," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांग, हात धुतले नाहीस तर काय होईल?"

हे जयाला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"करुणा मरंल," ती म्हणाली.

मग ती रडली नाही. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी आई कामावर होती. अनंत रडत होता. तिनं त्याला बाटलीनं पाणी पाजलं, न उकळता पाजलं, हातही धुतले नव्हते, कारण ती अंगणात मातीत खेळत होती. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली. त्याला नेलं त्या दिवशी कोणीतरी म्हणालं की पाणी बाधलं असेल. ते पाणी तिनं पाजलं होतं, आणि हे कोणाला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी तुझ्या घरच्यांना सांगू, की तू सांगशील?"

"तुम्ही नका सांगू," जया म्हणाली. मग म्हणाली, "मी सांगते. पण सगळ्यांले एकदाच सांगीन. पुन्हापुन्हा नाही सांगू शकत."

म्हणून चौथ्या गुरुवारी सगळे आले. केशवनं सुट्टी टाकली. बळीराम यायला तयार नव्हता. शाळा आहे, परीक्षा जवळ आल्या, असं त्यानं सांगून पाहिलं. देवाजी फक्त म्हणाले, "सगळ्यांले बोलावलं हाये." तो आला, पण आत येऊन बसला नाही. दारापाशीच उभा राहिला.

जयानं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. शेवटचं वाक्य संपलं तसं प्रेमिला खुर्चीवरून खाली फरशीवर बसली आणि तिनं लेकीचे ते फुटलेले हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. जया ओढू लागली. प्रेमिलानं सोडले नाहीत.

"अवं, पाणी उकळायचं माझं काम होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घासलेट संपलं होतं. मी म्हटलं, एक दिवसानं काय होते? माय, मी रोज तेच घोकून राहिली, अन् तू बी? एका घरात दोघी?"

केशव तोंडावर रुमाल धरून उभा होता. तेवढ्यात दाराकडून बळीरामचा आवाज आला. मास्तराचा स्वच्छ आवाज नव्हता तो.

"ते पाणी मी आणलं होतं."

सगळे वळले.

"दोन दिवस नळ आला नव्हता. मी शाळेमागच्या जुन्या विहिरीवरून दोन बादल्या भरून आणल्या. विहीर वापरात नव्हती हे मले माहीत होतं. मी पोरांले स्वच्छतेचा धडा शिकवतो, मले माहीत होतं. घाईत होतो." त्यानं चष्मा काढला. "म्हणून मी इथं येऊ नका म्हणत होतो, बाबा. यशोधराचं निमित्त होतं. इथं सगळं विचारतात, म्हणून."

देवाजी उठले. गुडघा धरत धरत ते दारापर्यंत गेले आणि थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बळीरामला आठवत होतं तेव्हापासून बापानं त्याला असा हात लावला नव्हता.

"सिंधूताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या आठवड्यात तुमच्या वॉर्डात काय होतं?"

"एका खाटेवर दोन दोन लेकरं होती जी," सिंधूताई म्हणाली. "खाली सतरंज्या टाकल्या होत्या. सगळ्या बाजूच्या वस्त्यांतून येत होती. नळाचं पाणी पिणारी, टँकरचं पिणारी, उकळून पिणारी बी. कोणाचं कशानं झालं ते मोठ्या डॉक्टरांले बी नाही सांगता आलं."

"ऐकलंस जया?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता हे ऐकून तुझे हात उद्या थांबतील असं मी सांगत नाही. तो आजार आहे, त्याला वेळ लागतो. पण तू एकटी नाहीस, एवढं आज कळलं."

*

वेळ लागलाच. रात्री एक गोळी होती, ती दवाखान्यातूनच मिळायची. आणि बाईंनी घरी करायला दिलेला अभ्यास होता, तो गोळीपेक्षा कडू. जेवणाआधी एकदा हात धुवायचे, साबण लावून, वीस आकडे मोजेपर्यंत, दुसऱ्यांदा नाही. मन कितीही म्हणालं तरी नाही. जयानं विचारलं, "आई, साफ झाले का?" तर प्रेमिलानं हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. "हे तू गुरुवारी बाईंले विचार," एवढंच म्हणायचं. पहिल्या आठवड्यात जया घरभर फिरायची, हुंदके देत, हात अंगापासून दूर धरून. प्रेमिला चुलीपुढे पाठमोरी बसून पदरानं डोळे पुसायची, पण हो म्हणायची नाही. केशव ड्युटीवरून आला की लेकीला सायकलवर बसवून वस्तीला दोन फेऱ्या मारून आणायचा. तेवढा अर्धा तास तरी नळ दूर असे. दवाखान्यातल्या समाजसेविका दोनदा घरी येऊन गेल्या, शाळेतही गेल्या, आणि जयाची वार्षिक परीक्षा वेगळ्या खोलीत घ्यायची परवानगी मिळाली.

मध्येच मार्चमध्ये सगळं पुन्हा बिघडलं. करुणाला ताप आला आणि जया एक दिवसभर नळावरून उठली नाही. सिंधूताई रजा काढून आली आणि तिच्याजवळ बसली, म्हणाली, "ताप लसीचा हाये वं, मीच टोचवून आणली. तुले सांगायचं राहिलं, माझी चूक." ताप उतरला. पुढच्या गुरुवारी जयानं खडू हातात घेतले, सगळे, एकापाठोपाठ एक, आणि बोटं रंगलेली तशीच ठेवून ती घरी आली. घरी पोचेपर्यंत तिनं दोन्ही मुठी आवळून ठेवल्या होत्या, पण बोटं धुतली नाहीत.

एप्रिलमध्ये देवाजींचा गुडघा सुजला. त्या गुरुवारी कोण जाणार असा प्रश्न आला तेव्हा बळीराम कोणी विचारायच्या आत चप्पल घालून उभा राहिला.

"मी नेतो," तो म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर काका-पुतणी शेजारी बसली. ऊन चढलं होतं, पंखा घरघरत होता. बळीराम तिला त्रैराशिकाची गणितं तोंडी घालत होता आणि ती पेनशिवाय सोडवत होती. एकदा तिनं त्याला चुकीचं उत्तर काढताना पकडलं आणि दोघं हसली. आणि हसता हसताच बळीरामला समोरून येणारा माणूस दिसला. पांढरी टोपी, हातात एक्सरेचं मोठं पाकीट. कामठीचे रामाजी.

"रामराम... जयभीम मास्तर! तुम्ही इकडे?" रामाजी थांबले. त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली, जयाकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली.

बळीरामच्या तोंडाशी सोपी उत्तरं होती. बहीण इथे कामाला आहे. डोळे तपासायला आलो. पोरीच्या दाताचं आहे. बाजूला जया हलायची थांबली होती. तिनं हात फ्रॉकखाली सरकवले होते. बळीरामला ते दिसलं.

"जयभीम," तो म्हणाला. "ही माझी पुतणी, जया. हिची तब्येत बरी नव्हती, मनाची. तीन महिने झाले, दर गुरुवारी येतो आम्ही. आता बरीच सुधारली." मग तो म्हणाला, "सोयरिकीच्या आधी तुम्हाले सांगायलाच पायजे होतं. आज सांगून राहिलो."

रामाजींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. बळीराम वाट बघत राहिला. बाकावरची माणसं ऐकत होती; त्यानं आवाज कमी केला नाही.

"किती लहान पोरांले घेतात इथं?" रामाजींनी विचारलं.

"जी?"

"माझ्या बहिणीचा पोरगा हाये. नऊ वर्षांचा." ते खाली बघून बोलत होते. "बाप वारला त्याचा, तेव्हापासून बोलत नाही. दीड वर्ष झालं. आम्ही त्याले कोणापुढे आणत नाही, मास्तर. तुम्ही घरी आले होते त्या दिवशी बी मागच्या खोलीत ठेवलं होतं." त्यांनी पाकीट दुसऱ्या हातात घेतलं. "इथं नेमकं करतात काय?"

बळीराम उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला ते नीट माहीत नाही. त्यानं पुतणीकडे पाहिलं.

जयानं हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. कातडी अजून खरखरीत होती.

"दुखत नाही," ती रामाजींना म्हणाली. "पहिले दोन-तीन गुरुवार नाही बोललं तरी चालते. बाई रागवत नाहीत. पण नऊच्या आत या जी, मग नंबर लागत नाही."